मेलेला नको, आजारी द्या

भातलावणी उरकली, की कोळवण खोऱ्यातून फोन सुरू होतात. कोंबड्यांच्या शेडच्या दारात गोणपाटावर तीन-चार मेलेले पक्षी मांडलेले असतात. मी आतलं, पंख पाडून डोळे मिटलेलं पिल्लू मागतो. मालकाच्या जिवावर येतं. पण रात्री मेलेल्या पक्ष्याचं आतडं सकाळपर्यंत कुजतं. मग आजार कुठला नि कूज कुठली, कळत नाही. पिल्लाला यातना न होऊ देता एका झटक्यात सोडवायचं आणि लगेच कात्री लावायची.

शेवटाकडची दोन आंधळी आतडी जांभळट फुगलेली आणि आत रक्ताच्या गुठळ्या, म्हणजे आयमेरिया टेनेला, कॉक्सिडिओसिसचा एक परजीवी. ही रक्ती हगवण कुणीही ओळखेल. मी चुकलो ते रक्त नसताना. एका शेडवर वजन अडलं होतं, शीट पातळ होती. रक्त नाही म्हणून ‘कॉक्सी नाही’ असं सांगून आलो. चार दिवसांनी पुन्हा जाऊन सुरुवातीचं आतडं उभं चिरलं, धुतलं, उजेडाला धरलं. आत पांढऱ्या आडव्या रेघा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. आयमेरिया अ‍ॅसरव्हुलिना! ते चार दिवस त्या पिल्लांचे माझ्यामुळे गेले. तेव्हापासून आतडं अथपासून इतिपर्यंत चिरल्याशिवाय मी हात धूत नाही.

गाडीत सूक्ष्मदर्शक असतो. अस्तराची खरवड, पाण्याचा थेंब, वर पातळ काच. परजीवीचे लंबगोल, अंड्यांसारखे ऊसिस्ट लगेच दिसतात. मात्र तुसावरच्या जवळपास प्रत्येक कळपात ते थोडेफार असतातच. उलट टेनेलाचं रक्त पाचव्या दिवशी दिसतं आणि ऊसिस्ट शिटेत येतात सातव्या दिवसाच्या सुमारास. मधल्या दोन दिवसांत पिल्लं मरत असतात आणि शिटेची तपासणी स्वच्छ येऊ शकते. म्हणून आधी आतडं, मग काच. जॉन्सन आणि रीड यांनी १९७० मध्ये आतड्याच्या जखमांसाठी ठरवलेले ० ते ४ गुण मी चार-पाच पक्ष्यांचे मांडतो, तेव्हाच कळपाचा अंदाज येतो.

पाण्यातून अँप्रोलियम हे औषध त्याच दुपारी सुरू होतं. त्याआधी ड्रिंकरखालचं तूस मुठीत दाबून बघतो. गोळा तसाच राहिला, तर ओल जास्त आहे. अशा उबदार ओलीत ऊसिस्ट एक-दोन दिवसांत रोग द्यायला तयार होतात.

“ताई, घमेलं आणा,” मी म्हणतो. “आधी हे ओलं तूस काढू.”