पडण्याचे हसू आणि पाडण्याचे हसू

२०२३ सालच्या जून महिन्यात आमचा मुक्काम अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, लेकीच्या घरी होता. फिलाडेल्फिया शहराच्या बाहेर एका उपनगरात ती राहते. लेक-जावई कामावर गेले की घरात आम्ही, आमच्या सहचारिणी आणि चौदा वर्षांचा नातू असे तिघेच उरत असू. नातवाच्या शाळेला नुकतीच सुट्टी लागली होती.

एके दुपारी स्वयंपाकघरातून किंकाळी ऐकू आली. आम्ही धावत गेलो. कणकेचा डबा जमिनीवर पालथा पडला होता. त्यातून एक काळा रबरी साप अर्धा बाहेर आला होता. सहचारिणी भिंतीला टेकून थरथरत उभ्या होत्या. दाराआड नातू आणि त्याचे दोन मित्र पोट धरून हसत होते. एकाच्या हातात फोन होता आणि फोन चालू होता.

वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या सहचारिणीचे माहेर भंडारा जिल्ह्यातले. रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरलेला त्यांचा थोरला भाऊ साप चावून गेला, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. नातवाला हे ठाऊक नव्हते. त्याला कोणी सांगितलेच नव्हते, तर ठाऊक असणार कसे? सहचारिणी रागावल्या नाहीत. खाली बसून त्यांनी पीठ गोळा केले. रात्री मात्र जेवल्या नाहीत.

संध्याकाळी लेकीने पोराला फैलावर घेतले. तोवर ते चित्रण तीस-चाळीस मुलांच्या फोनवर पोहोचले होते. तो म्हणाला, "आई, इथे सगळेच असं करतात. जगभर गाजलेली ही गंमत आपल्या जवळच्याच गावातून निघाली आहे. वेस्ट चेस्टर, तासाभराच्या अंतरावर."

हे कोणते गाव, असा प्रश्न आम्हाला पडला. पोराला नुसते रागावण्यापेक्षा त्याच्याबरोबर जाऊन पाहावे असे ठरले. रविवारी जावयांनी गाडी काढली.

वेस्ट चेस्टर हे फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. चेस्टर काउंटी या जिल्ह्याचे हे मुख्य ठिकाण. वस्ती वीस हजारांच्या आतबाहेर. विद्यापीठ आहे, आणि मधोमध जुने न्यायालय आहे. हे न्यायालय थॉमस वॉल्टर या वास्तुविशारदाने बांधले, ज्याने पुढे वॉशिंग्टनच्या संसदभवनाचा घुमट उभारला. घरे लाल विटांची आणि पायवाटाही विटांच्याच. नातू म्हणाला, "आजोबा, या विटांवर स्केटबोर्ड चालवणं म्हणजे दात खिळखिळे करून घेणं." आम्ही पायाने चाचपून पाहिले. विटा जागोजागी उचललेल्या होत्या. म्हणूनच इथली मुले दुकानांमागच्या वाहनतळांकडे, पायऱ्यांकडे आणि शाळांच्या ओसाड पटांगणांकडे वळली असावीत.

याच गावच्या परिसरात बॅम मार्जेरा हा मुलगा वाढला. जन्म १९७९ सालचा. स्केटबोर्डवर त्याचा पाय चांगला बसला होता. त्याने आणि त्याच्या मित्रांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि आपल्या उड्या टिपायला सुरुवात केली. उड्यांच्या मधल्या वेळात जे चाले तेही त्यांनी टिपले. बाजारातल्या सामानाच्या ढकलगाडीत मित्राला बसवून ती फुटपाथच्या कडेवर आदळायची. वेडेवाकडे कपडे घालून दुकानात शिरायचे. झोपलेल्या वडिलांना दचकवून उठवायचे. बॅमच्या भावाच्या वाद्यवृंदाचे नाव सीकेवाय. तेच नाव या चित्रफितींना मिळाले. पहिली १९९९ साली निघाली, आणि २००२ पर्यंत आणखी तीन निघाल्या. तेव्हा घरोघरी इंटरनेटवर चित्रे पाहण्याची सोय नव्हती. व्हीएचएस कॅसेट स्केटबोर्डच्या दुकानातून मिळे आणि मुले ती एकमेकांच्या घरी नेऊन पाहत.

तिकडे कॅलिफोर्नियात 'बिग ब्रदर' नावाच्या स्केटबोर्डच्या मासिकाभोवती जमलेली मंडळी असेच उद्योग करीत होती. दोन्ही टोळ्या एकत्र आल्या आणि ऑक्टोबर २००० मध्ये एमटीव्ही वाहिनीवर 'जॅकॲस' हा कार्यक्रम सुरू झाला. गाव, मित्र आणि आईवडील सगळेच जगाला माहीत झाले. आजच्या फोनवरच्या खोड्यांचे पूर्वज शोधायला गेले तर वाट पुष्कळदा या गावावरून जाते. नातवाचे म्हणणे अगदी खोटे नव्हते.

त्याने गाडीतच आम्हाला काही जुनी दृश्ये दाखवली होती. सहचारिणीही पाहत होत्या. २००२ साली निघालेल्या चित्रपटात तर बॅमच्या आईच्या घरात जिवंत मगर सोडलेली आहे. आई आधी ओरडते आणि मग हसते. नातू म्हणाला, "बघ आजी, त्याची आईसुद्धा हसते." सहचारिणी थोड्या वेळाने एवढेच म्हणाल्या, "त्या माऊलीले कोणी विचारलं होतं का, बाई, तुले हसायचं आहे का म्हणून?"

गाडीत कोणी काही बोलले नाही.

गावात हाय स्ट्रीटवरून चालताना जावयांनी एका हॉटेलसमोर थांबवले. इथे पूर्वी वॉर्नर नावाचे चित्रपटगृह होते. या जागेची हकीगत ऐकून आम्हाला पुढे पाऊल टाकवेना. बायर्ड रस्टिन हा कृष्णवर्णीय मुलगा १९१२ साली याच वेस्ट चेस्टरमध्ये जन्मला आणि आजी-आजोबांनी त्याला वाढवले. शाळेत असताना गावातल्या चित्रपटगृहात तो गोऱ्यांसाठी राखलेल्या जागेत बसला, म्हणून त्याला अटक झाली. पुढे २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला जो प्रचंड मोर्चा निघाला, ज्यात मार्टिन ल्यूथर किंग यांचे विख्यात भाषण झाले, त्या मोर्चाची सगळी आखणी याच रस्टिन यांनी केली. २००६ साली इथे त्यांच्या नावाचे हायस्कूल उघडले. नाव देताना गावात मोठा वाद झाला, पण नाव टिकले.

एकाच गावातली ही दोन पोरे. एक नुसता खुर्चीवर बसला तर पोलिसांनी धरला. सत्तर वर्षांनंतर दुसरा भर रस्त्यात ढकलगाड्या आदळीत, दुकानात धिंगाणा घालीत हिंडला आणि दूरचित्रवाणीने त्याला पैसे दिले. बॅमचा यात दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. पण खोडी कोणाची खपते आणि कोणाची खपत नाही, याचा हिशेब प्रत्येक गावात मांडलेला असतो. नातवाचे वर्णही त्याच्या मित्रांपेक्षा वेगळा आहे. हीच गंमत त्याने परक्या म्हातारीच्या दारात केली असती, तर तिला कोणी गंमत म्हटले असते का? आम्ही त्याला हे विचारले. तो बराच वेळ विटांकडे बघत राहिला.

गावाला लागूनच वेस्ट गोशेनचा हमरस्ता आहे. २० जून २०११ च्या पहाटे बॅमचा जिवलग मित्र रायन डन याची मोटार तिथे रस्ता सोडून झाडीत शिरली आणि पेटली. ढकलगाडीत बसणारा, सर्वांना हसवणारा तो हाच रायन. वय ३४. पोलिसांच्या तपासात निघाले की तो खूप प्यायलेला होता आणि वेग ताशी १३० मैलांच्या, म्हणजे दोनशे किलोमीटरच्याही वर होता. सोबतचा मित्रही दगावला. नातवाने रायनची दृश्ये शंभरदा पाहिली होती. हे त्याला माहीत होते, पण ती जागा त्याने कधी पाहिली नव्हती. आम्ही तिथून गेलो तेव्हा गाड्या नेहमीसारख्या धावत होत्या. त्या दिवशी तिथे कॅमेरा नव्हता आणि पुन्हा एकदा करून बघू म्हणण्याची सोयही नव्हती.

दुपारी आम्ही फिलाडेल्फियाला परतलो. नातवाला आता आपली बाजू मांडायची होती. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही फक्त खोड्या बघितल्या. स्केटबोर्ड बघितलाच नाही." हे म्हणणे रास्त होते.

शहराच्या मध्यभागी सिटी हॉलजवळ एक चौक आहे. रॉबर्ट इंडियाना यांनी घडवलेली 'लव्ह' ही लाल अक्षरे तिथे आहेत, म्हणून लोक त्याला लव्ह पार्क म्हणतात. १९६५ साली हा चौक तयार झाला. गुळगुळीत ग्रॅनाइटच्या लाद्या, ओटे आणि पायऱ्या यांमुळे १९९० च्या दशकात जगभरच्या स्केटबोर्ड चित्रफितींत हा चौक दिसू लागला. महापालिकेने बंदी घातली. तेव्हा या चौकाची मूळ कल्पना मांडणारे नगररचनाकार एडमंड बेकन २००२ साली, वयाच्या ९२ व्या वर्षी, दोघांच्या आधाराने स्वतः स्केटबोर्डवर उभे राहिले आणि चार पावले सरकले. बंदीचा निषेध म्हणून! बंदी उठली नाही. पुढे चौक मोडून नवा केला आणि २०१८ साली तो पुन्हा उघडला. आता तिथे हिरवळ आहे, मुले कारंज्यात भिजतात.

तिथून आम्ही शहराच्या दक्षिण टोकाला गेलो. मोठ्या हमरस्त्याच्या पुलाखाली १९९० च्या दशकात महापालिकेने स्केटबोर्डसाठी थोडी जागा करून दिली. ती मुलांना पुरेना. मग त्यांनी स्वतः सिमेंट कालवून उतार, खड्डे आणि भिंती बांधल्या. वर्षानुवर्षे ते बांधतच आहेत. वर वाहनांचा घरघराट, खाली रंगवलेल्या भिंती. ना तिकीट, ना पहारेकरी. श्रमदानाने विहीर खणणारी गावे आम्ही पाहिली आहेत. श्रमदानाने पडण्याची जागा बांधणारी पोरे पहिल्यांदाच पाहिली.

तिथे एका कठड्यावर आम्ही दीड तास बसलो. एक मुलगा पायऱ्यांवरून उडी मारू पाहत होता. त्याचा मित्र कॅमेरा हातात लोंबता धरून, जवळजवळ जमिनीला टेकवून, त्याच्यामागे स्वतःच्या फळीवरून सरकत होता. नातवाने समजावून दिले: फळी मेपल लाकडाच्या सात पातळ थरांची असते. मागच्या पायाने शेपटाला ठोका द्यायचा, पुढचा पाय घासत वर न्यायचा, की फळी पायाला चिकटल्यासारखी उडते. हात लावायचा नाही. ऐकायला सोपे आहे. तो मुलगा आमच्यासमोर सव्वीस वेळा पडला. कोपर सोलले. प्रत्येक वेळी मित्र तेवढीच वाट मागे चालत गेला आणि तेवढ्याच काळजीने कॅमेरा धरून आला. सत्ताविसाव्या वेळी उडी साधली. अनोळखी माणसे फळ्या जमिनीवर आपटून आनंद व्यक्त करू लागली, कारण तिथे टाळ्या अशाच वाजवतात.

"आणि पडलेलं काढून टाकतात का?" आम्ही विचारले.

"नाही. तेही ठेवतात. पडलेलं नसेल तर कोणी खरं मानत नाही."

वाचकहो, आम्हाला जे उमगायचे होते ते त्या कठड्यावर उमगले. एकाच कॅमेऱ्यात दोन प्रकारचे हसू असते. स्वतः पडायचे, मित्रांनी हसायचे, आपणही हसायचे आणि पुन्हा उठायचे, हे एक. दुसऱ्याला न विचारता पाडायचे आणि त्याच्या भीतीवर हसायचे, हे दुसरे. वेस्ट चेस्टरच्या त्या मित्रांच्या फितीत दोन्ही होती. जगाने उचलले ते मात्र दुसरे, कारण ते सोपे. पहिल्याला सव्वीस वेळा पडावे लागते. दुसऱ्याला एक रबरी साप पुरतो.

आपल्याकडेही हे लोण आलेच आहे. मुंबईत लोकलच्या दाराला लोंबकळून चित्रण करणारा एक तरुण २०२४ साली अशाच दुसऱ्या कसरतीत एक हात आणि एक पाय गमावून बसला. अशा बातमीनंतर घरोघरी फोन हिसकावले जातात. आमचे पालकांना सांगणे वेगळे आहे. फोन हिसकावून पोर सुधारत नाही. त्याच्या शेजारी बसून तो काय टिपतो ते पाहावे. आणि ज्याच्यावर हसायचे त्याला आधी विचारले का, हा एक प्रश्न घरात वारंवार विचारावा. त्याबरोबर आपणही एक काम करावे. घरातल्या माणसाला कशाची भीती वाटते आणि का, हे मुलांना वेळेवर सांगावे. आम्ही ते सांगितले नव्हते. तो दोष नातवाचा नाही, आमचा आहे.

परतीच्या वाटेवर सहचारिणींनी नातवाला आपल्या भावाची हकीगत सांगितली. बांधीतले गुडघाभर पाणी, परह्याच्या जुड्या, पावसात तालुक्याला निघालेली बैलगाडी आणि वाटेतच थांबलेला श्वास. पोराने काही न बोलता फोन काढला आणि ते चित्रण पुसले. मित्रांनाही पुसायला सांगितले. चाळीसांपैकी किती जणांनी पुसले असेल कोणास ठाऊक. पाण्यात टाकलेला खडा परत हातात येत नाही, हेही त्याला त्याच दिवशी कळले.

आमचा मुक्काम संपायला आठवडा उरला होता. एका सकाळी घरापुढच्या उतारावर खडखड ऐकू आली. नातू उडीचा सराव करीत होता आणि फोन आजीच्या हाती होता. आजी पदर खोचून, वाकून, जमिनीजवळ फोन धरून उभ्या. आधीच्या तीन चित्रणांत पोराचे डोके आलेच नव्हते, नुसते पाय. तो धडपडला आणि पायरीवर बसून गुडघा चोळू लागला.

"लागलं का रे?" आजींनी विचारले. मग फोनकडे पाहून म्हणाल्या, "हे पडलेलं ठेवू ना?"

"ठेव, आजी," तो म्हणाला.