सिस्टाइन चॅपलमधला नवा उजेड

रोमची सहल म्हटली की व्हॅटिकनमधलं सिस्टाइन चॅपल ठरलेलंच. बाहेरून पाहावं तर अगदी साधी, गोदामासारखी इमारत. आत मात्र वीस मीटर उंचीवर ते जगप्रसिद्ध छत! मायकेलअँजेलोनं ते १५०८ ते १५१२ या काळात रंगवलं, तेही परांचीवर उभं राहून, मान मागे टाकून.

गंमत अशी की, या चित्रांना सगळ्यात जास्त जपावं लागलं ते उजेडापासून. शेकडो वर्षं इथे मेणबत्त्या जळत. त्यांच्या काजळीनं छत इतकं काळवंडलं की मूळ रंग कसे होते, हेच लोक विसरले. १९८० ते १९९४ या काळात सफाई झाली आणि खालून गुलाबी, पोपटी, नारिंगी असे टवटवीत रंग निघाले. आता ते टिकवायचे कसे? आपण पैठणी उन्हात टाकत नाही ना, तसंच केलं. खिडक्या झाकून ऊन अडवलं. रंग सुरक्षित झाले खरे, पण चॅपल अंधारलं. एवढा खर्च करून जायचं, मान वर करायची आणि कोपरे अंधुकच दिसायचे!

२०१४ साली यावर तोड निघाली. चित्रांवर सुमारे २८० ठिकाणी रंग तपासून त्यांना मानवेल असा उजेड ठरवला. मग खिडक्यांखालच्या कंगोऱ्याआड सुमारे सात हजार इवलेसे एलईडी दिवे बसवले. वीज निम्म्याहून कमी लागते, आणि उजेड मात्र पूर्वीच्या कितीतरी पट! खालून एकही दिवा दिसत नाही. खिडकीतून दिवस आत आल्यासारखाच वाटतो. मे २०२५ मध्ये नव्या पोपची निवड झाली, ती याच छताखाली.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी असेल तर पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यावा. आत फोटो काढू देत नाहीत, बोलणंही चालत नाही. भिंतीकडेच्या बाकावर जागा मिळाली तर निवांत बसा. पर्समध्ये छोटी दुर्बीण असली तर उत्तमच. आणि छत पाहून लगेच निघू नका. समोरच्या भिंतीवर ‘अखेरचा न्याय’ आहे. साठी उलटल्यावर त्याच हातांनी काढलेलं ते चित्र आता कोपऱ्यांपर्यंत स्वच्छ दिसतं.