गाडीतले अभंग आणि आत्याबाईंचे कान

माझं माहेर सांगलीचं आणि सासर कुंभकोणमचं असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे आणि मग आमच्या ह्यांच्याकडे पाहतो. 'म्हणजे हे तमिळ का?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाही हो, मराठीच! सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला गादी स्थापन केली, त्या काळात कावेरीकाठी येऊन राहिलेल्या घराण्यांपैकी हे एक. १८५५ साली शेवटचे राजे गेले, कंपनी सरकारने राज्य खालसा केलं, पण माणसं तिथेच राहिली. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठीतला लांबलचक शिलालेख आहे, सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आहेत, आणि कुंभकोणमच्या काही घरांत अजूनही मराठी ऐकू येतं. कसलं मराठी ते मात्र विचारू नका. क्रियापद मराठी, नाम तमिळ आणि हेल सगळा तिकडचा.

१९९६ साली मी या घरात आले, तेव्हा मला तमिळचं अक्षरही येत नव्हतं. भाजीवालीशी दोन शब्द बोलायचे तरी आत्याबाई लागत. ह्यांच्या सख्ख्या आत्या, अकाली वैधव्य आल्यापासून भावाकडेच राहिलेल्या. मंडईत त्या माझ्या डाव्या हाताला चालत, बाई तमिळमध्ये काय म्हणते ते मला मराठीत सांगत आणि माझं मराठी तिला तमिळमध्ये. घासाघीस मात्र त्या स्वतःच्या मनानेच करत! सासरी पहिली दोन वर्षं मी टिकले ती या बाईच्या मराठीवर, असं म्हटलं तरी चालेल.

आता त्यांचं वय त्र्याऐंशी. गुडघे गेलेत, पण एकादशीला गोविंदपुरमला जायचं म्हणजे जायचं. कुंभकोणमहून मयिलाडुदुरैच्या वाटेवर हे गाव आहे. तिथे बोधेंद्र स्वामींचं जुनं अधिष्ठान आहे, आणि २०११ पासून विठ्ठल-रखुमाईचं भव्य देऊळही. तमिळ मुलुखात पंढरीच्या वळणाचं शिखर पाहिलं की माझ्या घशाशी काहीतरी येतंच. तिकडे अभंग काही नवे नाहीत. मराठी कीर्तनकार तंजावर दरबारी जात-येत असत. त्यांच्या धर्तीवर एकोणिसाव्या शतकात तंजावूर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथा घडवली आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग तमिळ कथेकऱ्यांच्या तोंडी बसले. आज कर्नाटक संगीताच्या मैफलीतही शेवटी अभंग झाला नाही तर श्रोते चुळबुळतात.

तर गोविंदपुरमला जाताना गाडीत भीमसेनजींचे अभंग लावायचे हा आमचा जुना रिवाज. आत्याबाई पुढे, ह्यांच्या शेजारी बसतात, कारण मागे गुडघे मुडपत नाहीत. मी मागे. दोन वर्षांपूर्वी माझ्या ध्यानात आलं, की बाई आता सोबत गुणगुणत नाहीत. ह्यांनी आवाज वाढवला की कपाळाला आठी घालून हात हलवतात. 'पोदुम, पोदुम!' म्हणजे पुरे, पुरे. एकदा उतरता उतरता म्हणाल्या, "हे तुमच्याकडचं मराठी मला आता कळत नाही गं. माझं मराठी गेलं."

हळूहळू त्या माझ्याशीही तमिळमध्येच बोलू लागल्या. तेही मोजकंच. प्रश्नाला भलतंच उत्तर देत. घरात कुजबुज सुरू झाली की आता विसरभोळेपणाचा आजार लागला. ह्यांच्या चेहऱ्यावरची काळजी मला दिसत होती. माझं दुःख थोडं आपमतलबी होतं. या घरात माझ्याशी मराठी बोलणारं ते शेवटचं मोठं माणूस!

डॉक्टरांनी मात्र शहाणपणाचा सल्ला दिला. डोक्याची तपासणी करूच, पण आधी कान तपासा. कानाच्या तपासणीचा जो आलेख आला, तो डावीकडे बरा आणि उजवीकडे उतारावरून घसरगुंडी उतरावी तसा खाली गेलेला. म्हातारपणी कान सरसकट कमी होत नाहीत, आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. पण स, श, च, त, क, ख, फ या व्यंजनांची जी बारीक फुंकर किंवा ठिणगी असते, ती वरच्या पट्टीत, आणि तीच नाहीशी होते. मग 'पाय', 'काय', 'साय' या तिन्हींचं उरतं नुसतं 'आय'. अशा माणसापुढे ओरडून काय होणार? 'आय' मोठ्याने ऐकू येईल एवढंच. आजूबाजूच्यांना वाटतं, म्हातारीचं चित्त ठिकाणावर नाही. म्हातारीला वाटतं, आपली भाषा गेली.

श्रवणयंत्र घेतलं. घरात त्या ते वापरतात आणि फरक स्पष्ट आहे. ते घ्यायलाच हवं, त्याला दुसरा उपाय नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण गाडीत बसलं की बाई ते काढून पदराच्या गाठीत बांधतात. रस्त्याची घरघर आणि बसचे हॉर्न यंत्रातून कानात घुसतात म्हणे. कानात घालायचे इयरफोन दाखवले, तर "त्या खुंट्या मला नकोत." झालं, प्रश्न गाडीतल्या आवाजावर येऊन थांबला.

सुगावा लागला तो स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या टीचभर रेडिओने. तिरुची केंद्रावरची भक्तिगीतं त्यांना त्यावर बऱ्यापैकी कळत. गाडीतला एवढा दणदणीत आवाज कळत नव्हता आणि त्या चिरक्या डबड्यातलं कळत होतं! इंजिनियरिंगला असलेल्या आमच्या पुतण्याला हे सांगितलं, तर तो उडालाच. "काकू, त्या रेडिओत खालचा घुमारा नाहीच, म्हणून शब्द मोकळे राहतात. गाडीत उलटं आहे."

आमची गाडी २०१४ सालची, छोटी, त्या मॉडेलमधली सगळ्यात स्वस्त. कंपनीने बसवलेला स्टिरिओ आणि पुढच्या दोन दारांत खाली, पोटरीजवळ, कागदी पडद्याचे दोन स्पीकर. वरच्या पट्टीचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ रेषेत जातो, वळत नाही. तो जाणार पोटरीवर, उरलासुरला सीटचा कपडा आणि नऊवारी लुगडं गिळणार. खालचा घुमारा मात्र चहूकडे पसरतो. त्यात दाराचा पत्राही थरथरतो. सगळं 'गुम' का होतं, ते कळलं.

आम्ही गावातल्या एका दुकानात गेलो. तिथल्या पोराने गाडी पाहिली आणि नव्या पडद्याचा स्टिरिओ, ॲम्प्लिफायर आणि डिकीत भला मोठा डबा अशी वीस हजारांची यादी लिहून काढली. "अक्का, दार हादरेल!" म्हणाला. म्हटलं, "तंबी, दार हादरवायचं नाही, पाट्टीला शब्द ऐकू यायला हवेत." त्याने डोकं खाजवलं. अशी मागणी घेऊन येणारं गिऱ्हाईक बहुधा त्याने पाहिलं नव्हतं.

इथे पुतण्याने जे शिकवलं, ते तुमच्याही कामाचं आहे म्हणून सांगते. खोक्यावर दोनशे-अडीचशे वॅट असे मोठाले आकडे छापतात, त्यांना भुलू नका. तो क्षणभराचा कमाल आकडा. कंपनीचा साधा स्टिरिओ एका स्पीकरला खरे म्हणाल तर पंधरा-वीस वॅट देतो. तेव्हा पाहायची ती स्पीकरची संवेदनक्षमता, म्हणजे तेवढ्याच विजेत तो किती बोलतो. ती खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत डेसिबलमध्ये असते. ८९ ऐवजी ९२ चा स्पीकर घेतला, तर तीन डेसिबलच्या फरकाने निम्म्या ताकदीत तितकाच आवाज मिळतो. ॲम्प्लिफायरचे पैसे वाचले!

मूळ स्टिरिओ आणि मूळ स्पीकर तसेच ठेवले. फक्त दोन ट्वीटर घेतले, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे. हे वरच्या पट्टीपुरतेच वाजतात. त्यांच्या वायरमध्ये एक चिमुकला कपॅसिटर असावाच लागतो. तो खालचे आवाज अडवतो, नाहीतर ट्वीटर जळतो. चार ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरड लावला, तर साधारण साडेआठ हजार हर्ट्झच्या वरचंच जातं. पुतण्याने खोक्यातला तो काढून १० चा लावला, म्हणजे चार हजारांपासूनचं वाजू लागलं. व्यंजनं तिथेच तर असतात. मात्र असं केलं की ट्वीटरवर भार वाढतो, म्हणून आवाज मर्यादेत ठेवायचा. दुकानातल्या तंबीचं म्हणणं होतं, की जुन्या स्पीकरच्या तारांना आणखी एक अख्खा स्पीकर जोडू. त्याला पुतण्याने ठाम नकार दिला. चार ओहमला चार ओहम समांतर जोडले की दोनच उरतात, आणि स्टिरिओ तापून बसतो. कपॅसिटर लावलेल्या ट्वीटरची तशी अडचण नाही.

ट्वीटर बसवले आरशाजवळच्या तिकोनी कोपऱ्यात, थेट आत्याबाईंच्या तोंडाकडे रोखून. काचेशेजारच्या खांबात काही गाड्यांना एअरबॅग असते, तिथे चुकूनही भोक पाडू नये. वायरी कापल्या नाहीत, जोडणीचे तयार कपलर मिळतात ते वापरले. मागच्या दारांत कंपनीची वायर आलेली होती आणि स्पीकर नव्हता, तिथे एक साधी जोडी बसवली. दाराच्या पत्र्यातली मोठी भोकं डांबरी शीटने बुजवली, तशी पत्र्याची थरथर गेली. दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच दिशेने हलतात ना, हे पाहायला तंबीने पेन्सिल सेल क्षणभर तारांना टेकवला. एक पडदा बाहेर आणि एक आत जात असेल, तर घुमारा एकमेकांना खाऊन टाकतो. ही युक्ती मला फार आवडली. एका सेलमध्ये निदान! सगळा खर्च मजुरीसकट तीन हजार शंभर रुपये.

मग पुतण्याने खर्ज तीन घरं खाली आणला, तार तीन घरं वर नेला. ह्यांना तो आवाज अजिबात आवडला नाही. "पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं वाटतंय," म्हणाले. खरंच होतं. पण गाडी ज्यांच्यासाठी लावायची, त्यांच्या कानांनी लावायची. आता आत्याबाई नसल्या की हे बटणं फिरवून ठेवतात, आणि एकादशीला मी पुन्हा जागेवर आणते. यावर आमची दर महिन्याला दोनदा जुंपते.

पहिल्या एकादशीला आत्याबाई बसल्या, पदराची गाठ चाचपली, नेहमीसारखं यंत्र आत. तिरुविडैमरुदूर येईपर्यंत काहीच बोलल्या नाहीत. आवाज नेहमीपेक्षा कमी होता, तरी हात हलवून 'पोदुम' झालं नाही. मग एकाएकी म्हणाल्या, "थांबव. पाठी घे."

ह्यांना वाटलं गाडी! ते आरशात पाहायला लागले. "गाडी नव्हे रे, पाट!"

पुतण्याने ती ओळ पुन्हा लावली. त्यांनी पिशवीतून वही काढली. ही वही त्यांच्या आईच्या वहीवरून उतरवलेली. सगळे अभंग मराठी, पण लिपी तमिळ, कारण घरातल्या बायकांना देवनागरी कधी शिकवलीच नव्हती. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना एकच अक्षर, ट, ठ, ड, ढ यांनाही एकच. कोणतं वाचायचं ते पाठांतराने ठरायचं. बाईंनी एका शब्दावर बोट ठेवलं. तिथे त्या आणि त्यांच्या आई आयुष्यभर 'डाव' म्हणत आल्या होत्या. अर्थही लागत होता, देवाशी डाव मांडला म्हणून.

"ते 'ठाव' म्हणतायत," आत्याबाई म्हणाल्या. "ठाव. ऐकलंस? डाव नव्हे."

मी ऐकलं होतं, सांगलीत लहानपणापासून. पण त्यांनी सत्तर वर्षं तो शब्द दुसराच गायला होता, हे मला कधी कळलं नव्हतं, कारण त्या बरोबर गाताना मी आपली टाळ्या वाजवत असायची.

तमिळ स्तोत्रांच्या पुस्तकांत अशा वेळी अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडा छापतात. वर्गातलं दुसरं व्यंजन असेल तर दोन. त्यांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली, गाडी थांबवायला लावली, चष्मा पुसला आणि त्या 'ट'च्या डोक्यावर छोटासा दोन काढला.

मग मला म्हणाल्या, मराठीतच, "पुढचं लाव. आणि पेन्सिल इथेच ठेव, खणात. अजून पुष्कळ असतील."