गाडीची मालकी

दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात आणि तेथून पुढे माथेरानच्या तांबड्या वाटेवर माणसाला माणूस ओढून नेत आला आहे. पुढे एक जण दांडा छातीशी धरून, मागे एक-दोघे खांदा लावून, चढणीला पाय रोवीत आणि उताराला साऱ्या देहाचा अडसर करीत ही हातरिक्षा चालवत आले आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि शासनाने ई-रिक्षा घेऊन त्या याच श्रमिकांना भाड्याने देण्याचा हुकूम दिला. पैशाची टंचाई ही सबब चालणार नाही, असेही बजावले. मला मनापासून आनंद झाला. परंतु ‘भाड्याने’ या शब्दाशी मन अडखळले.

हा हुकूम देताना अमृतसरच्या रिक्षाचालकांच्या ज्या 1980 च्या खटल्याचे न्यायालयाने स्मरण केले, त्यातही भाडे की मालकी हाच पेच होता. स्वतः रिक्षा चालवणाऱ्या मालकालाच परवाना, असा पंजाबचा कायदा होता. हेतू उदात्त, पण दुसऱ्याची रिक्षा भाड्याने ओढणाऱ्याने मालक व्हावे ते कोणत्या बळावर? न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा मोडीत न काढता, बँकेकडून चालकांना कर्ज मिळण्याची तजवीजच निकालात करून दिली.

माथेरानच्या घाटाखाली, कर्जत-खालापुरात, कर्जाचे दुसरे रूप दिसते. पावसाळ्यात घरातले दाणे सरले की कातकरी आदिवासी वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतो आणि दिवाळीनंतर बायकामुलांसह भट्टीवर राबून ती फेडतो; हिशेबाची वही मालकाच्या हाती, आणि पुढल्या आषाढात पुन्हा तीच उचल. या कर्जाला तारण असते ते कर्जदाराच्या देहाचे. अशा कर्जापासून सुटका व्हावी म्हणून कर्जत तालुक्यात कशेळ्याच्या ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने आदिवासी पाड्यांवर धान्यकोठ्या उभारल्या: अडीअडचणीला दाणे न्यावे, सुगीला थोड्या वाढीसह परत करावे, आणि कोठीचा कारभार पाड्यानेच पाहावा.

कर्ज स्वभावतः पुण्यकारक नसते. खाण्यात सरणाऱ्या रकमेवर आठवड्याचा हप्ता लावणारा सूक्ष्मवित्ताचा व्यवहारही माणसाला सावकाराच्याच दारी पोहोचवतो. ज्या कर्जातून कमाईचे साधन कष्टकऱ्याच्या मालकीचे होते, तेच मला दारिद्र्यनिवारणाचे कर्ज वाटते. म्हणून माथेरानच्या चालकाकडून दरमहा घेतले जाणारे भाडे गाडीच्या किमतीत वळते करावे, नेरळहून माथेरानला येणारी छोटी रेल्वे बंद राहून धंदा मंदावतो त्या पावसाळ्याच्या महिन्यांत वसुली तहकूब ठेवावी, आणि किंमत फिटताच गाडीची कागदपत्रे चालकाच्या नावे करावीत, अशी माझी शासनाकडे मागणी आहे.