सव्वातीनशे ग्रॅमचं ऋण

माझ्या रायफलीवरचा स्कोप सव्वातीनशे ग्रॅमचा आहे. अडीच ते आठ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ३६ मिलिमीटरची, नळी एक इंची. दुकानात त्याच्या शेजारी तिप्पट वजनाचे, पंचवीस पटींपर्यंत जाणारे स्कोप मांडलेले असतात आणि पहिल्यांदा घ्यायला गेलेल्या माणसाची नजर तिकडेच जाते. माझ्या हाती हा लहान स्कोप आला तो पॉपमुळे. न्यूझीलंडच्या डोंगरांत मी जे काही नीट केलं, त्यातलं बहुतेक त्यांचं देणं आहे.

पॉप म्हणजे आमच्या शेजारचे आजोबा. तिकडे बरीच नातवंडं आजोबांना पॉप म्हणतात. माझ्या मुलीनं ते उचललं आणि ते आमच्या घरातल्या सगळ्यांचेच पॉप झाले. वीजकेंद्रातल्या कामासाठी आम्ही नाशिकहून ट्वायझेलला गेलो होतो. वायटाकी नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या जलविद्युत प्रकल्पाच्या कामगारांसाठी १९६८ मध्ये वसवलेलं हे छोटं गाव. आओराकी, म्हणजे माउंट कुकचा पायथा तिथून मोटारीनं तासाभराच्या आत. सह्याद्रीत वाढलेले माझे पाय तिथे स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. पॉपनी ते कुंपणापलीकडून ओळखलं आणि एका संध्याकाळी आपणहून नकाशा घेऊन आले. परक्या देशात आपल्याला कुणी डोंगर दाखवायला येतं, यासारखं दुसरं स्वागत मला माहीत नाही.

तरुणपणी ते वनखात्याचे पगारी शिकारी होते. हरणांची संख्या आवरायला तिथलं सरकार १९३० पासून शिकारी नेमत असे. १९५६ मध्ये ते काम वनखात्याकडे आलं आणि त्यानंतर दोनेक वर्षांत पॉप भरती झाले. महिनोन्महिने डोंगरातल्या झोपड्यांत राहायचं, जुनी लष्करी .३०३ रायफल वापरायची, तीही स्कोपशिवाय. म्हणूनच स्कोप या वस्तूकडे ते कधी मोहानं पाहत नसत.

शिकारीचं नाव काढताच माझ्यातला नाशिककर बिचकला होता. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं वन्यजीवांना संरक्षण दिलं आणि ते योग्यच झालं. पॉपनी वाद घातला नाही. ते मला एका दरीत घेऊन गेले. हाताला न पोचणाऱ्या कातळाच्या फळीवर माउंट कुक लिली फुलली होती. खालच्या उतारावर मात्र तिची कुरतडलेली देठं तेवढी उरली होती. वटवाघळं सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर मूळचा एकही सस्तन प्राणी नाही. तिथल्या वनस्पतींना खुरांच्या प्राण्यांचा दात कधी माहीतच नव्हता. बेडफर्डच्या ड्यूकनं इंग्लंडमधल्या आपल्या कळपातले हिमालयी थार भेट म्हणून पाठवले, ते १९०४ मध्ये याच डोंगरात सोडले गेले आणि वाढत गेले. १९९३ च्या सरकारी आराखड्यानं त्यांची मर्यादा दहा हजार ठरवली. आपल्या हिमालयात ज्याला जपायचं, तोच प्राणी इथे आवरावा लागतो, हे मला त्या देठांनी पटवलं. मग परवाना काढला, हलकी रायफल घेतली आणि प्रश्न आला स्कोपचा.

पॉपनी स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर ठेवला. रायफल पावणेतीन किलो भरली. किलोभराचा स्कोप चढवला तर वजन तिसऱ्या हिश्शानं वाढणार. "अन् ते वाढणार कुठे?" त्यांनी विचारलं. "नळीच्या वर." खांद्यावर टांगलेली रायफल मग एका बाजूला कलते. घसाऱ्यावर चालताना, कातळटप्प्यावर एका हातानं पकड शोधताना ती नेमकी नको तेव्हा पुढे येते. शिवाय पुढची काच मोठी, म्हणजे स्कोप उंच बसवावा लागतो. गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि नेम धरताना मान अधांतरी राहते.

"पण उजेड?" मी विचारलं. थार दिसतात ते पहाटे आणि संध्याकाळी. पॉपनी कागद ओढला आणि भागाकार मांडला. काचेच्या व्यासाला पटींनी भागायचं. येईल तेवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. ३६ ची काच सहा पटींवर ठेवली तर सहा मिलिमीटर. ५६ ची काच पंचवीस पटींवर नेली तर जेमतेम सव्वादोन. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण सात मिलिमीटर उघडते, म्हाताऱ्याची पाचच्या आसपास. म्हणजे कातरवेळी पट कमी केले की लहान काचही डोळा भरून उजेड देते. जाड नळीनं जास्त उजेड येतो ही समजूतही त्यांनी खोडली. तीस मिलिमीटरच्या नळीत नेम वरखाली करायला जागा अधिक मिळते, एवढंच. आणि ती जागा लागते फार लांबच्या नेमाला.

तो लांबचा नेम त्यांना मान्य नव्हता. त्यांची हद्द तीनशे मीटर. डोंगरात वारा प्रत्येक नाळेत वेगळा वाहतो. त्यापलीकडे जनावर जखमी होऊन कड्याआड जाण्याची भीती वाढते. जवळ जाता येत नसेल तर परत फिरायचं. उताराचा हिशेबही त्यांनीच शिकवला. पंचेचाळीस अंशांच्या चढावर तीनशे मीटरवर उभ्या असलेल्या थारसाठी गोळीची घसरण धरायची ती आडव्या अंतराची, सुमारे २१२ मीटरची. तीनशेची धरली तर गोळी पाठीवरून जाते.

डोळा आणि स्कोप यांच्यातलं अंतर त्यांनी बोटांनी मोजलं. हलकी रायफल जोरात मागे येते आणि वर नेम धरून पालथं पडलं की भुवई काचेजवळ सरकते. म्हणून निदान नऊ सेंटिमीटर मोकळे हवेत. हिवाळ्यात आत बाष्प धरू नये म्हणून वायू भरून बंद केलेलाच स्कोप घ्यायचा. हलकेपणासाठी काच लहान चालेल, पण रायफलीला धरून ठेवणाऱ्या कड्या पक्क्याच हव्यात. आदळआपट झाली की कागदी निशाणावर तपासायचं: स्कोपच्या एका टिचकीनं शंभर मीटरवर नेम सात मिलिमीटर सरकतो, आणि ढिली कडी न सांगता त्याच्या कितीतरी पट सरकवते.

सगळ्यात मोलाची शिकवण शेवटी आली. पंचवीस पटींचा स्कोप असला की माणूस त्यातूनच डोंगर धुंडाळू लागतो, आणि ज्याच्याकडे पाहतो त्याच्यावर नळी रोखलेली असते. तिकडे झुडपाआड हलणारं काही दिसलं आणि शिकाऱ्यानं माणूसच टिपला, असे अपघात घडलेले आहेत. शोधायचं ते गळ्यातल्या दुर्बिणीनं. नर की मादी, पाठीमागे पिल्लू आहे का, पलीकडे काय आहे, पडलं तर आपण तिथवर पोचू का, हे सगळं ठरल्यावरच रायफल खांद्याला. स्कोपचं काम तिथून सुरू होतं आणि त्या कामाला आठ पट पुरतात. वाचवलेल्या वजनात चांगली दुर्बीण मावते, हा त्यांच्या वजनकाट्याचा खरा हिशेब होता.

पुढे पॉपच्या डोळ्यांतल्या पडद्याचा मध्यभाग झिजू लागला. या आजारात कडेचं दिसत राहतं, समोरचंच नाहीसं होतं. त्यांना डोंगर दिसायचा, डोंगरावरचा थार दिसेना. मी त्यांना दरीच्या तोंडापर्यंत मोटारीनं नेऊ लागलो. ते घोंगडी पांघरून बसत आणि मी दुर्बिणीतून पाहून सांगत असे. सोंडेच्या डाव्या अंगाला चार माद्या. वर एक नर, मानेची आयाळ वाऱ्यानं उजवीकडे. ते थांबवून विचारत, "पिल्लं कुठे आहेत? खालचं गवत कुठल्या बाजूला वाकलंय? त्याच्या मागे आभाळ आहे की कातळ?" मला उत्तर देता यायचं नाही, मी पुन्हा पाहायचो, आणि आधी न दिसलेलं दिसायचं. अनेकदा सगळं ऐकून ते म्हणत, "आज नको," आणि का नको हेही समजावून सांगत. मला वाटायचं, माझे डोळे त्यांना उसने देऊन मी थोडंफार फेडतो आहे. प्रत्यक्षात त्या बैठकांत माझंच देणं वाढत होतं. त्यांच्यासाठी बघताना मी बघायला शिकलो.

पॉप आता नाहीत. त्यांच्या उपकारांतून उतराई होणं माझ्या हातून होणार नाही, आणि तशी घाईही नाही. हे देणं अंगावर असलेलं मला आवडतं. ट्वायझेलच्या आसपास शिकारीला नव्यानं लागलेली मुलं, त्यात पुण्या-मुंबईकडचीही काही, कुठला स्कोप घेऊ म्हणून विचारायला येतात. मी त्यांना वजनकाटा दाखवतो, भागाकार करायला लावतो. पण त्याआधी त्यांच्या हातात दुर्बीण देतो, समोरच्या डोंगराकडे तोंड करून बसवतो आणि म्हणतो, "मला काहीच दिसत नाही असं समज. काय दिसतंय ते सांग." बहुतेक जण एका वाक्यात आटोपतात. मग मी पॉपचे प्रश्न विचारायला लागतो.