फटफटी आणि पन्हाळ्याचा उतार

मोटारसायकलला ‘फटफटी’ हे नाव कुणी दिले कोण जाणे. पण ज्याने दिले त्याला कान होते. हल्लीच्या गाड्या कितीही वेगाने पळोत, त्यांना फटफटी म्हणवत नाही. त्या गुणगुणतात. आमच्या अण्णांची जावा मात्र अस्सल फटफटी होती. रिकाम्या डब्यात चार खडे घालून कुणी लयीत हलवावा, तसा तिचा आवाज. संध्याकाळी तो रंकाळ्याच्या वळणावर उमटला की आई पोळ्यांचा तवा चुलीवर चढवी.

अण्णांनी ती १९६८ साली घेतली. लग्न १९७० मधले. ‘गाडी आधी आली, मी मागनं आलो,’ असे आई अजून सांगते. (आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असेच म्हणतात, हे परगावच्या वाचकांसाठी. माझी पत्नी पुण्याची; सासूबाईंच्या तोंडचा हा पुरुषी थाट अंगवळणी पडायला तिला वर्ष लागले.)

जावा हे नाव बेटावरून पडले असावे, अशी माझी लहानपणी समजूत होती. पुढे कळले की ती चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक नावाच्या गृहस्थांनी १९२९ साली ‘वाँडरर’ या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलचा कारभार विकत घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ केले. आपल्याकडे फरूख इराणी यांच्या ‘आयडियल जावा’ने म्हैसूरला कारखाना काढला आणि १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून त्याच गाडीचे नाव ‘येझदी’ झाले. १९९६ मध्ये कारखान्याला टाळे लागले. २०१८ साली जावा नाव पुन्हा बाजारात आले खरे, पण आमच्या घरात त्या नव्या गाडीला जावा म्हणण्याची प्राज्ञा नव्हती.

तिचे चोचले फार. साध्या पेट्रोलवर ती चालत नसे. पेट्रोलमध्ये मापाने तेल मिसळावे लागे, कारण टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पोचते ते पेट्रोलबरोबरच. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. गंमत म्हणजे गिअरचा आणि किकचा दांडा एकच. तोच दांडा आत दाबून वर फिरवला की किक होई, आणि गाडी सुरू झाली की पुन्हा गिअर. पाहुण्याने कधी हौसेने ‘जरा चक्कर मारून येतो’ म्हटले, तर तो अंगणातच किक शोधत राही आणि अण्णा ओट्यावर बसून शांतपणे सुपारी कातरत. किल्लीसुद्धा किल्लीसारखी नव्हे, एखाद्या जाड खिळ्यासारखी. हेडलाइटच्या डोक्यावर वरून खुपसायची.

अण्णा जाऊन दोन वर्षे झाली. शेवटची सहा-सात वर्षे गाडी ताडपत्रीखाली उभीच होती. मी पुण्यात सदनिकेत राहतो; आई कोल्हापूर सोडायला तयार नाही. अशात एका संग्राहक गृहस्थांनी गाडीला मागणी घातली. आकडा ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. गृहस्थ मोठे सज्जन. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते, वीस हजार रुपये शुल्क पडते, आणि मग ती प्रदर्शनाला किंवा रॅलीला न्यायची, रोजच्या वापराला नाही, हे सारे त्यांनी मला समजावून सांगितले. आमच्या गाडीची नोंदणी अजून जुनीच होती. अण्णांनी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून ती जपली होती, आणि शेवटची मुदत अजून संपायची होती. मी होकार कळवला, आणि मग आईला सांगितले. हा क्रम चुकला, हे मला तिचा चेहरा पाहून कळले.

ती एवढेच म्हणाली, ‘द्यायची तर दे. पण एकदा चालू करून दे. आणि पन्हाळ्याला मी येतो मागं.’

आईचे वय शहात्तर.

गाडी टेम्पोत घालून शिवाजी उद्यमनगरात नेली. कोल्हापूर म्हणजे मिसळ, कुस्ती आणि चपला असे समजणाऱ्यांनी एकदा उद्यमनगरातून पायी चालून यावे. एका दारात लेथ फिरतो आहे, दुसऱ्यात वेल्डिंगच्या ठिणग्या उडताहेत, पलीकडे ओतकामाचे साचे वाळूत बसवले जाताहेत. एखादा सुटा भाग मिळत नाही म्हटले तर इथला माणूस हळहळत नाही. नमुना हातात घेऊन उलटासुलटा करतो आणि ‘उद्या या’ म्हणतो. आमचे मिस्त्री सत्तरीचे. ताडपत्री काढताच म्हणाले, ‘अण्णांची न्हवं ही? आवाजावरनं वळखली असती, पर आवाजच न्हाई की वो.’

आठ दिवस मी तिथे स्टुलावर बसून काढले आणि सांगतो, ते आठ दिवस मला कुठल्याही सहलीपेक्षा प्रिय आहेत. टाकीत बारीक खडी घालून ती घुसळघुसळ घुसळली, तेव्हा आतला गंज चहाच्या रंगाने बाहेर आला. सायलेन्सरच्या पोटातल्या नळ्या काजळीने बुजल्या होत्या. त्या जाळात टाकून लाल केल्या आणि ठोकून स्वच्छ केल्या. एक बुश मिळेना, तो शेजारच्या लेथवर तासून घेतला. पॉईंट घासले, कार्बुरेटर धुतला. नवव्या दिवशी मिस्त्रींनी सातव्या किकला तिला जागे केले. निळा धूर झाला, आणि शेजारच्या तीन दुकानांतली माणसे हात पुसत बाहेर आली.

तो पाडव्याचा आदला दिवस होता. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशींचा मान असतो. शिंगे रंगवून, गळ्यात माळा घालून त्यांना मिरवतात. आणि पोरे मोटारसायकलच्या सायलेन्सरची पुंगळी काढून पुढे पळतात, तर त्या आवाजामागे मालकाची म्हैस रस्त्याने चौखूर धावत येते. बुलेट आणि यामाहाची आरएक्स हंड्रेड या दोन गाड्यांवर इथल्या पोरांचे प्रेम आहे, म्हशींचेही असावे. मिस्त्रींचा नातू म्हणाला, ‘काका, पुंगळी काढूया का?’ आजोबांनी त्याच्याकडे असे पाहिले की तो पाना घेऊन आत गेला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आईने हेल्मेट घालायला अंबाडा सोडून वेणी घातली आणि आरशात पाहून ‘पैलवान दिसतोय’ म्हणाली. पंचगंगेचा पूल ओलांडला, केर्ली मागे पडली. दोन्ही बाजूंना ऊस उभा, अधूनमधून गुऱ्हाळाचा गोड करपट वास. मोटारगाडीतून हा वास काचेपलीकडे राहतो. फटफटीवर तो अंगावर येतो. ओढ्यापाशी हवा गार होते, चढाला ऊन लागते, हे कातडीला कळत जाते. वाघबीळला गडाचा रस्ता धरला आणि जावा दुसऱ्या गिअरवर कुंथत, पण न थांबता वर चढली. चढभर आई बोलली नाही.

गडावर गर्दी होती. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून माझ्या ओळखीची पुण्याची मंडळीही तिथे वारंवार दिसतात. आम्ही तीन दरवाजा दुरून पाहिला, झुणका-भाकरी खाल्ली. आईला सादोबाच्या तळ्याकडे जायचे होते. तिथे ती गाडीपाशीच उभी राहिली, मोकळ्या माळाकडे पाहत.

परतीच्या उतारावर तिने माझ्या खांद्यावर थाप मारली. ‘बंद कर.’

‘काय?’

‘इंजिन बंद कर रे. हे उताराला बंदच करायचे.’

अण्णांची ही पेट्रोल वाचवायची युक्ती मला ठाऊक होती. शहाण्याने ती करू नये; पण रस्ता मोकळा होता आणि ब्रेक नवे होते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून खिळा फिरवला. फटफट थांबली. टायरांची सळसळ, साखळीची किंचित किणकिण आणि झाडीतली पाखरे, एवढेच उरले.

‘चढाला काय ऐकू येत नव्हतं,’ आई मागून म्हणाली. ‘घरात सासूबाई, दीर, सगळे. मग आम्ही उतारालाच बोलायचो. तुझं नाव इथंच ठरलं. त्या तळ्याच्या माळावर त्यांनी मला गाडी शिकवलीती, ठाऊक आहे?’

‘तुला? जावा?’

‘दोन रविवार. तिसऱ्याला पडलो. गुडघ्याचा व्रण कशाचा विचारायचास न्हवं लहानपणी? जिन्यावरनं पडलो म्हणून सांगितलं.’

मला मागे वळून पाहता येत नव्हते. वळण संपेपर्यंत दोघेही गप्प होतो.

वाघबीळला उतार संपला. गिअर टाकताच इंजिनाने पुन्हा सूर धरला आणि बोलणे बुडाले.

आठवड्याने ते गृहस्थ गाडी न्यायला आले. आईने त्यांना फराळाचे दिले, गाडीला हळदकुंकू लावले, पेट्रोलमध्ये तेल किती घालायचे ते दोनदा बजावले. सगळे आटोपल्यावर त्यांनी किल्ली मागितली.

‘किल्ली मी ठेवून घेतो,’ आई म्हणाली. ‘तुम्हाला दुसरी मिळंल. कुठल्याही जावाची चालते तिला.’