दोन डाव हरले की फोन बंद

बुद्धिबळ आम्हांला वडिलांनी शिकवले. गिरणीतली पाळी संपवून ते घरी आले, की ओट्यावर पट मांडला जाई. एकेक डाव दोन-दोन संध्याकाळी चाले. घाई कोणालाच नसे.

नोकरीतून निवृत्त झालो. पाठोपाठ पत्नी गेली आणि रात्र खायला उठू लागली. तेव्हा आठवीतल्या नातीने फोनवर झटपट बुद्धिबळ लावून दिले. दहा मिनिटे किंवा त्याहून कमी वेळात प्रत्येकाने आपला पूर्ण डाव संपवायचा, त्याला झटपट डाव म्हणतात. आम्ही तीन मिनिटांचा खेळू लागलो. समोर कुठल्याशा देशातला अनोळखी माणूस! एकटेपण पळाले.

पण वाचकहो, हरलो की चीड येई. "हा शेवटचा" म्हणत रात्रीचे दोन वाजत. एकदा आमच्याकडे वजीर होता, समोरच्याकडे राजा आणि एक प्यादे. आमचा वेळ संपला आणि डाव त्याला मिळाला. त्याचा नुसता राजा उरला असता, तर निदान बरोबरी झाली असती. त्या रागात आम्ही पहाटेपर्यंत खेळलो. अकराशेचे गुणांकन नऊशेवर आले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नातीची स्पर्धा होती आणि मुलगा-सून दोघेही कामावर. तिला नेण्याची जबाबदारी आमची. ती हाका मारीत होती, पण आम्हांला वेळेवर जाग आली नाही. पोचलो तेव्हा ठरलेली वेळ टळली होती. पहिला डाव न खेळताच गेला. पोर रडली नाही. रिकाम्या खुर्चीसमोर मांडलेल्या पटाकडे नुसती बघत राहिली. ते बघणे आम्ही विसरू शकत नाही.

संध्याकाळी आम्ही तिची माफी मागितली. वडीलधाऱ्याने लहानाची माफी मागू नये, असे कुठे लिहिलेले नाही. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा, दोन डाव हरले की फोन बंद करायचा. आमचे सर हेच सांगतात."

तेव्हापासून तीच आमची गुरू. तिने आमचे हरलेले वीस डाव पुन्हा लावून दाखवले. चौदा डावांत आम्ही कोणता ना कोणता मोहरा फुकट दिला होता. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने हरवले नव्हते, आम्हीच हरलो होतो. आता त्याने चाल केली, की आधी विचारतो : याने कशावर नेम धरला? सुरुवातही एकच पक्की केली. राजापुढचे प्यादे दोन घरे, मग घोडा, उंट आणि लगेच किल्लेकोट. त्यामुळे पहिल्या दहा चालींत वेळ जात नाही. किल्लेकोटानंतर सवड मिळताच कडेचे प्यादे एक घर पुढे सारतो, म्हणजे शेवटच्या रांगेत राजा कोंडून मरत नाही. राजा आणि हत्ती घेऊन एकट्या राजावर मात करण्याचा सराव रोज करतो. आणि तीन मिनिटांच्या जोडीला प्रत्येक चालीमागे दोन सेकंद वाढवून मिळणारा डाव निवडतो. जागतिक झटपट स्पर्धाही याच वेळेवर खेळतात.

जुलै २०२५ मध्ये आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आम्ही दोघे शेजारी बसून डाव पाहत होतो. कोनेरू हम्पीबरोबरचे सावकाश वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल कमी वेळेच्या डावांत लागला. नात म्हणाली, "बघा आजोबा, घड्याळ दोघींनाही सारखेच आहे."

आज आमचे गुणांकन साडेबाराशेच्या आसपास आहे. फार मोठे नाही. पण रात्री दहाला फोन कपाटात जातो. परवाच्या स्पर्धेला आम्ही आठ वाजताच दारात हजर होतो. दरवाजा उघडायचा होता. नात म्हणाली, "आजोबा, जरा लवकरच आलो आपण." आम्ही म्हटले, "असू दे. एक डाव देणे आहे तुझे."